बीजगणिताचा कौल

"हॅलो?… हॅलो?… हो, मी भामाबाई बोलतेय. साताऱ्याहून. आपण कोण?… कोण?… नानासो? कोणते नानासो?… हां, सांगलीचे, लोकरीच्या पेढीवाले. नमस्कार, नमस्कार… हो, हरणा माझ्याच घरी राहते… हरिबा आलेत तिथं? मग द्या ना त्यांना. मी धरलाय फोन."

फोन होता डॉक्टरांच्या दवाखान्यात. सगळ्या आळीत तेवढा एकच. सांगलीचा ट्रंक कॉल आलाय म्हणून कंपाउंडर जोतीराम धावत सांगायला गेला, तेव्हा भामाबाई ओसरीवर चार पोरांना वर्गमूळ काढायला बसवून स्वतः तांदूळ निवडत होत्या. मुलींच्या शाळेतून पेन्शनीत निघून त्यांना तीन वर्षं झाली होती, पण ओसरी काही रिकामी झाली नव्हती. त्यांनी सूप बाजूला सारलं, पदर सारखा केला आणि हरणाला म्हटलं, "चल, तुझ्या आबाचा असणार." आता हरणा दवाखान्याच्या खांबाला टेकून उभी होती. औषधाच्या बाटल्या घेऊन बाकावर बसलेले चौघे-पाच आजारी आपलं दुखणं विसरून बाईंच्या तोंडाकडं बघत होते.

"हॅलो, हरिबा?… अहो, ओरडू नका. सांगली लांब आहे, पण तार कानाशीच आहे. नेहमीसारखं बोला… हां, असं… बरी आहे हो हरणा. इथंच उभी आहे… जेवते, जेवते. भाकरी मागून घेते… माझं कार्ड पोचलं ना?… कुणी वाचून दाखवलं?… बरं झालं. मग काय ठरवलंत? कारण आज दुपारच्या आत विषयांचा कागद शाळेत द्यायचाय. मुख्याध्यापक नवे आहेत, कुणासाठी थांबायचे नाहीत… हो, मॅट्रिकचे विषय. एकदा लिहिले की बदलत नाहीत… काय?… काय लावला?… कौल?"

बाकावरची एक म्हातारी पुढं सरकली.

"कुणाला लावला?… वस्तीवरच्या बिरोबाला… हरिबा, विषय निवडायला कौल लावलात तुम्ही?… नाही नाही, हसत नाही मी. सांगा तुम्ही."

बाई खरंच हसत नव्हत्या. त्या पाटणकडच्या. त्यांच्या गावीही विहीर खणायची असो, सोयरीक जुळवायची असो, देवाला विचारल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नसे. देवाच्या दोन्ही अंगांना पाण्यानं फुलं चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. पण बीजगणित की गृहशास्त्र, हे देवाला विचारलेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

"फुलं कुणी लावली?… केरबा पुजाऱ्यानं. बरं… मग?… डावं पडलं… लगेच?… ‘पाणी वाळायच्या आदी पडलं.’ बरं… म्हणजे गृहशास्त्र लिहा म्हणता?… अहो, ऐका ना. मी देवाच्या विरुद्ध एक शब्द बोलत नाही. मला फक्त विषय तुमच्या कानावर नीट घालू द्या. मग तुम्ही सांगाल ते… जोतीराम, तो खल जरा थांबव बाबा, काही ऐकू येत नाही… हां, हरिबा. हे बघा, मुलींना शाळेनं मुभा दिलीय. बीजगणित आणि भूमिती घ्या, नाहीतर त्याच्या जागी गृहशास्त्र घ्या… स्वयंपाक, शिवण, आजाऱ्याची सेवा, बाळ कसं न्हाऊ घालायचं… हो हो, त्याचाही पेपर असतो… खोटं कशाला सांगू? बाळाला न्हाऊ घालायचा पेपर असतो… ‘ते तर तिची आयबी शिकवंल’? शिकवेल की. तानुबाई माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील."

बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी तिकडं नुसतं बघितलं. वर्गात बघायच्या तसं. हसणं थांबलं.

"नाही, विषय वाईट नाही. मी स्वतः शिकवलाय. पण तो घेतला की पुढं सायन्सकडं जायची वाट बंद होते… सायन्स म्हणजे… डॉक्टरीण व्हायचं असेल, औषधं बनवायची असतील, मोठ्या शाळेत गणित शिकवायचं असेल, तर सगळं तिकडून जातं. आणि मॅट्रिक झाली की कॉलेज तुमच्या सांगलीलाच आहे, जवळच येईल ती… काय होणार? ते मला कुठं ठाऊक? तिलाही ठाऊक नाही. सोळाव्या वर्षी ते ठाऊक असलंच पाहिजे असा काही नेम नाही. म्हणून तर वाट उघडी ठेवायची म्हणते मी."

बाईंनी उत्तरासाठी घाई केली नाही. घाईचं उत्तर त्यांना कुणाकडूनच नको असे. पहिलीतल्या पोराकडूनही नाही.

"काय म्हणालात?… बीजगणित म्हणजे काय? चांगलं विचारलंत. ऐका. समजा, तुमच्या कळपात मेंढरं किती आहेत ते तुम्हाला ठाऊक नाही… अहो, समजा म्हणतेय… आहेत हो, तुम्हाला ठाऊक आहेत, एकेक तोंडानिशी ठाऊक आहेत. पण घटकाभर समजू या की… नाही, चोरीला नाही गेली… लांडगाही नाही आला. कुणीसुद्धा नाही नेली हो!… बरं, मेंढरं राहू द्यात. नानासोंचं घेऊ. नानासोंच्या कोठारात लोकरीची पोती किती, ते आपल्याला ठाऊक नाही… हां, ते नाही ना ठाऊक?… विचारलं तरी सांगत नाहीत? मग झालं तर! त्या पोत्यांना आपण एक नाव देऊन ठेवायचं. क्ष… क्ष… नाही, कुणाचं आडनाव नाही, नुसतं एक अक्षर. पोती मोजायला मिळेपर्यंत त्या अक्षरावर हिशेब चालवायचा. आणि हिशेब नीट चालवला, की नानासोंनी कोठाराची किल्ली दिली नाही तरी पोती किती ते आपल्याला कळतं… हो! तेवढंच… ‘मग लय अवघड का म्हणत्यात?’ तेच तर मीही विचारत असते लोकांना."

फोन कशासाठी आलाय हे बाई घटकाभर विसरल्या होत्या. डोळ्यांत चमक आली होती आणि डाव्या हाताचं बोट हवेत फळ्यावर फिरावं तसं फिरत होतं. हरणा खाली बघत होती. ही पोत्यांची गोष्ट तिनं वर्षभरात किती वेळा ऐकली होती. कधी पोती, कधी आंबे, कधी खंडाळ्याच्या घाटात अडकलेल्या बैलगाड्या. गोष्ट दर वेळी कळायची. गणित दर वेळी कळायचं असं नाही.

"कोण?… हां, एक्स्चेंज? वेळ झाली?… आणखी द्या… पेढीवाले हो म्हणाले ना? मग द्या की, मधे कशाला थांबवता… हॅलो, हरिबा? आहात ना?… आता मला एक सांगा. देवाला विचारताना शब्द काय होते? जसेच्या तसे सांगा… ‘पोरगी गणितात पास व्हईल का?’… असं विचारलंत… आणि मग गृहशास्त्रासाठी पुन्हा फुलं लावली. तेव्हाही तेच?… ‘पास व्हईल का?’ आणि उजवं पडलं. अस्सं."

"नाही, काही नाही. ऐकतेय मी… म्हणजे भीती नापास व्हायची आहे… हो… हो… बोला तुम्ही…"

मग बराच वेळ हरिबाच बोलत राहिला आणि बाई हुंकार देत राहिल्या. त्यातलं बरंचसं त्यांना ठाऊक होतं. हरिबाचे वाडवडील जन्मभर मेंढरांमागं फिरले. पाऊस न पडणाऱ्या मुलखात हरिबानं पहिल्यांदा चार एकर नांगरून घर बांधलं. त्या वस्तीवरून मॅट्रिकच्या वर्गात गेलेलं हरणा हे पहिलंच माणूस, आणि तेही पोरगी. पण तिला साताऱ्याला धाडलं तेव्हा भावकीनं काय काय ऐकवलं, ते हरिबानं बाईंना कधी सांगितलं नव्हतं. आज तारेवरून सांगत होता.

"काय म्हणतील?… ‘मेंढराचं पोर शेवटी मेंढरातच आलं.’… म्हणू देत की… नाही, थांबा, तुमचं बरोबर आहे. मी इथं बसून म्हणू देत म्हणायला माझं काय जातं? त्यांच्यात राहायचं तुम्हाला आहे… पण हरिबा, माझं एवढं ऐका. पास होईल का, ते तुम्ही देवाला विचारलंत. शिकेल का, ते विचारलं नाहीत… आहे, फरक आहे. नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलेल्या पोरी माझ्या हाताखालून गेल्यात. त्यातली एक आज पाचगणीला शाळेत शिकवते… आणि पहिल्याच फटक्यात पास झालेल्या काही आहेत, त्यांना आता विचारलं तर एक सिद्धान्त सांगता यायचा नाही."

"हमी?… नाही. ती मी देत नाही. पास होईलच असं सांगणारा मास्तर भेटला, तर त्याच्याकडं पोर ठेवू नका… मी देते ते एवढंच. पहाटे उठवीन आणि तिच्याशेजारी बसेन. दिवाळीच्या आत भूमितीचे सिद्धान्त. पाठ नाही करायचे, स्वतः काढायचे. संक्रांतीपर्यंत बीजगणित. त्यानंतर नुसत्या जुन्या प्रश्नपत्रिका, शिमग्यापर्यंत… हो, रेशनचं रॉकेल पुरत नाही, म्हणून तर पहाटे उठून उजेडाच्या बेतानं… दिवाळीत? कातरणीला घरी पाहिजे?… येऊ दे की. पुस्तक घेऊन येईल. लोकर कातरायची तेव्हा कातरेल, दुपारी सावलीत बसून गणितं सोडवेल… ‘कातरणीत कशाचं पुस्तक’? अहो, मेंढरं कोंडायला तुम्ही वाघर लावता ना, त्याच्या खुंट्या आणि दोरी घेऊनच त्रिकोण शिकवलाय मी तिला. तीन खुंट्या, एक दोरी. म्हणाली, ‘बाई, हे तर आमचं वाघर हाय.’… हो, असंच म्हणाली."

हरणाच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं आणि गेलं.

"माझी सही?… हो, साताऱ्यातली पालक म्हणून माझी सही चालते. शाळा विचारणार नाही… चालते, पण करणार नाही मी… कारण मुलगी तुमची आहे, हरिबा. तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता जाऊन गृहशास्त्र लिहून येईन. आणि तेही मन लावून शिकवीन… नाही हो, रागानं नाही. शिकवण्यावर कसला राग?"

हे बाईंनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. फक्त रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला आणि मोकळा झालेला हात लुगड्याला पुसला.

"कोणाशी?… हरणाशी? देते… हरणे, ये. घे. हे कानाला, हे तोंडापाशी. आणि जे खरं आहे ते बोल. माझ्याकडं बघून बोलू नकोस."

हरणानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आधी नुसतंच ऐकलं. वस्तीवरचा आवाज असा काळ्या डब्यातून येतो याचं नवल करायलाही तिला सवड नव्हती.

"आबा?… व्हय, मीच हाय… न्हाई, रडत न्हाई, सर्दी झालीया… आयला बरं हाय का?… काळी व्याली? कवा?… दोन? आन् दोनी जगली?… बरं झालं… … व्हय. ऐकलं मी. डावा… … आबा, देवानं खरंच सांगितलंय… मंजी… मी नापासच हाय. गणितात… गेल्या परीक्षेत… व्हय, वर घातलं. बाकीच्यात लय चांगले मार्क हुते म्हणून घातलं."

‘हरणा वरच्या वर्गात गेली’ एवढंच बाईंनी कार्डावर लिहिलं होतं. एका विषयाचं बापाला कळवून त्याच्या जिवाला घोर कशाला, असं त्यांना वाटलं होतं. आता हातात धरलेलं सगळंच निसटलं असं त्यांच्या मनात आलं. पण त्यांनी हरणाला खूण केली नाही, की रिसीव्हरला हात घातला नाही. जे खरं ते बोल म्हणून त्यांनीच सांगितलं होतं.

"न्हाई, बाईंनी फसवलं न्हाई. मीच लिवू नका म्हणाले हुते… आबा, आवं ऐका तरी… … … व्हय… व्हय, कळतंय मला… न्हाई. तरीबी मला तेच घ्याचं हाय… बाईंनी पढवलं न्हाई! बाई तर बाजूला उब्या हायत… कशाला?… … …"

तारेत खरखर झाली. हरणानं खांबाकडं बघितलं, बाटल्यांच्या फळीकडं बघितलं. बाईंकडं मात्र नाही.

"येत न्हाई म्हणून… व्हय, येत न्हाई म्हणूनच. जे येतंय तेच शिकायचं असंल तर सातारला कशाला ऱ्हायाचं, आबा? चूल, शिवण, पोरं न्हाणं, मला सगळं येतंय. धाकट्याला मीच न्हाणला, त्याचं मला कुणी कागदावर इचारू नका… न्हाई, उलटं न्हाई बोलत… नापास झाले तर झाले. फिरून बशीन… तवा बी न्हाई झाले तर?… तवा मेंढरामागं जाईन की. त्याला काय कौल लागतोय?… … आबा?… आबा, बोला की… … बरं. देते."

तिनं रिसीव्हर पुढं केला. "तुमच्यासंगं बोलायचंय म्हणत्यात," एवढंच म्हणाली. आवाज कसा होता त्यांचा, असं विचारायचं बाईंच्या ओठावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"हॅलो… हो, मी… हरिबा, ते कार्डाचं माझं चुकलंच. मी लिहायला हवं होतं… बरं, राहू दे तर राहू दे… काय?… मोठ्यानं बोला, आता ओरडलात तरी चालेल… ‘लिवा’ म्हणता? काय लिहू?… नाही, तसं नाही. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. काय लिहू सांगा… बीज… हो… आणि भूमिती. हो… हरिबा, नीट विचार केलात ना? घरी गेल्यावर केरबा पुजारी विचारेल, तानुबाई विचारतील… ‘ते माझं मी बगतो’… आणि देव?… काय म्हणालात? तुटतंय, पुन्हा सांगा… देवाची समजूत तुम्ही काढता?"

बाकावरची म्हातारी आता उभीच राहिली होती. जोतीरामानं खलातला बत्ता हातात तसाच धरला होता.

"काय सांगाल देवाला?… हो, कळू दे की मला… ‘पास-नापास तुजं तू बग’… हां… ‘आन् शिकायचं’… शिकायचं काय?… शिकायचं कुणी बघायचं, हरिबा?… हॅलो?… हॅलो, एक्स्चेंज?… अहो, बोलणं चाललंय आमचं… हॅलो?… हॅलो?"

लाइन गेली होती. बाईंनी थोडा वेळ रिसीव्हर कानाला तसाच धरला, मग जपून जागेवर ठेवला. चल, असं म्हणायला त्या वळल्या, तेव्हा हरणा खांबापाशी नव्हती. दवाखान्याची पायरी उतरून शाळेच्या वाटेला ती केव्हाच लागली होती.